कचऱ्यात गेलेला खोकला

४ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

पोस्टाचं पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. हाताने लिहिते आहे, कारण मला भांडायचं आहे आणि टाइप करून भांडता येत नाही. मी एका बोटाने टाइप करते. वाक्य पुरं होईपर्यंत राग निवून जातो.

आपल्या कारखान्यातल्या माणसांसाठी तू ती मेलिंग लिस्ट काढून दिलीस, तेव्हा पहिली टाळी मी वाजवली होती. चिनी मातीच्या भांड्यांचा एवढा थोरला कारखाना बंद पडला आणि माणसं मिळेल त्या वाटेने पांगली. कुणी लेकीकडे, कुणी सुनेच्या दारात, कुणी परमुलखात. एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्यांच्या घरी पोचते, म्हणजे गेटसभाच की! फोनवरच्या ग्रुपात नातवंडांचे फोटो असतात, इथे निदान बोलणं होतं. 'भट्टी' हे नावही मीच दिलं.

तर ऐक. मागच्या महिन्यात मी भट्टीवर एक प्रश्न टाकला. घासणी खात्यात काम केलेल्या कुणाकुणाला चालताना धाप लागते, खोकला हटत नाही, डॉक्टरने छातीचा फोटो काढायला सांगितला आहे? साफ विचारलं. एक उत्तर नाही. पुन्हा टाकला. चिडीचूप! मी खोक्यावर उभी राहिले की दोन पाळ्यांची माणसं डबा विसरून ऐकत उभी राहायची. त्या मला कुणी साधं 'नाही बुवा' म्हणेना. माणसं विरोध करतात तेव्हा मला उत्साह येतो. शिव्या दिल्या तरी चालतं. पण अशी मुकी माणसं पाहिली की वाटतं, आपण आयुष्यभर भिंतीशी बोललो. मला माझ्यासाठी विचारायचं नव्हतं, एका ओळखीच्या बाईसाठी हवं होतं. पण ते असो.

पान उलट, माझं संपलेलं नाही.

एक मात्र छान झालं. भोंगा गप्प झाला. तुला आठवत असेल, संपात आम्ही गेटबाहेर उपाशी बसलो होतो आणि हा गृहस्थ आत रोज पाळीचा भोंगा वाजवत होता, का तर गावाला वाटावं कारखाना चालू आहे. तोच भट्टीवर येऊन आम्हाला शिकवायचा! आपल्याला धुळीने खाल्लं, खोकला अंगावर काढू नका, एक्स-रे काढा, तपासणी मागा. दर आठवड्याला तेच दळण. शेवटी गेल्या वर्षीच्या मेळाव्यात मी उभी राहिले आणि म्हटलं, "ज्याने आपला संप फोडायला भोंगा वाजवला, त्याचा भोंगा आता आपण ऐकायचा नाही. प्रत्येक मेलच्या खाली 'कचरा' असं बटण आहे. दाबा!" काय टाळ्या पडल्या! त्याची मेल आली रे आली की सगळे दाबायचे. बहिष्कार असा हवा.

आता तू म्हणशील, तोच विषय तूही काढलास. फरक आहे. तो भीती पसरवतो, मी माहिती गोळा करते.

उत्तर पोस्टानेच दे. हे पाकीट टाकायला कोपऱ्यापर्यंत जाईन तर वाटेत दोनदा टेकावं लागेल. गुडघे, दुसरं काय!

तुझी,
खोक्यावरची आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पाकीट ऑफिसात आलं आणि शेजारचे पुस्तक-बांधणीवाले काका म्हणाले, "कोर्टाची नोटीस?" मी म्हटलं, त्याहून वाईट, आत्याचं पत्र.

लिस्ट ठणठणीत चालू आहे. कालच कोठीवाल्या काकांनी नातवाचा फोटो टाकला, तोही आडवा. तेव्हा तुझा प्रश्न पोचलाच असणार. खरं सांगू? लोकांना दुखण्याबद्दल बोलायला आवडत नाही. वाढदिवस म्हटलं की पन्नास शुभेच्छा येतात, खोकला म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघतात. मनाला लावून घेऊ नकोस.

आणि भट्टी आज एवढी स्वच्छ का आहे, त्याची शाबासकी मला कुणीच देत नाही! दोन वर्षांपूर्वी काय होतं आठव. टकलावर केस, घरबसल्या लाखो, सात दिवसांत खोकला बरा. कोठीवाल्या काकांनी नको तिथे बोट लावलं, तर चोरट्यांनी त्यांच्याच नावाने सगळ्यांना कसल्याशा गोळ्यांची जाहिरात पाठवली. काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. म्हणून मी फिल्टर बसवला. तुम्ही सगळे ज्याला 'कचरा' म्हणता त्यातले शब्द तो वाचतो, लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तसलीच मेल आली की आपणच बाजूला काढतो. जितकी बटणं दाबाल तितका तो हुशार होतो. मला आता ढुंकून बघावं लागत नाही. सध्या तर ग्रंथालयाची सगळी कार्डं नव्या मशिनवर चढवायची आहेत, मान वर करायला फुरसत नाही.

जरा मोकळी झाले की तुझ्या प्रश्नाचं काय झालं ते बघते. ती ओळखीची बाई कोण गं?

तुझी,
खार


२ मार्च

खारे,

आज प्रिय वगैरे काही नाही.

मी धाकटीला भेटून आले. आपली धाकटी, घासणी खात्यात माझ्या शेजारच्या पाटावर बसायची ती. आमच्यात वयाने लहान ती, म्हणून धाकटी. आता तिची नात कॉलेजात आहे, पण ती धाकटीच. लेकीच्या घरी मागच्या खोलीत असते. पाठीला तीन उश्या लावून बसवलेली, आडवं होता येत नाही. नाकात नळी. शेजारी ते ऑक्सिजनचं यंत्र सारखं घरघरतं, त्यामुळे तिच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि तिला तर कुजबुजण्याइतकाच श्वास आहे.

आम्ही काय काम करायचो ते तुला कधी नीट सांगितलेलं नाही. साच्यातून निघालेला कप सुकला की त्याच्या अंगावर एक शिवण राहते. भट्टीत जाण्याआधी ती घासून काढायची. दिवसभर कप हातात फिरवायचा आणि घासायचा. पिठासारखी पांढरी धूळ उडायची. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. आम्ही हसायचो, म्हणायचो, आपण म्हाताऱ्या होऊन घरी जातो आणि आंघोळ करून पुन्हा तरुण होतो. त्या धुळीला वास नव्हता, चव नव्हती. वाईट गोष्टीला काहीतरी चव असायला हवी होती.

मी तिला म्हटलं, "अगं, एवढं झालं आणि कळवलं नाहीस?"

ती म्हणाली, "कळवलं होतं की. भट्टीवर दोनदा लिहिलं. नातीने टाइप करून दिलं. विचारलं होतं, मला एकटीलाच आहे का गं हे?"

"मग?"

"कुणाचंच उत्तर नाही. तेव्हा समजले, तुम्ही सगळ्याजणी बऱ्या आहात." आणि हसली. "बरं वाटलं होतं गं ते. म्हटलं, चला, माझ्या एकटीवर निभावलं. डॉक्टर म्हणाला वयाचं आहे, तेही पटलं. धुळीचं असतं तर सगळ्यांना नसतं का झालं?"

खारे, ही बाई वर्षभर घरात बसून राहिली, कारण तिला वाटलं आपलं दुखणं फक्त आपलं आहे. आणि वरून आमच्यासाठी खूश होती!

मी भट्टीवरची एकही मेल सोडत नाही. धाकटीचं एक अक्षर मी वाचलेलं नाही. म्हणजे तिचं पोचलं नाही. म्हणजे माझंही पोचलं नाही. मी लोकांच्या मौनाला दोष देत बसले, आणि तिकडे कुणीतरी तोंडावर हात दाबून धरला होता.

ती पत्रं गेली कुठे? कार्डं, मशिनं राहू देत बाजूला. मला उत्तर हवं आहे.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी जेवायच्या सुट्टीत फिल्टरची पेटी उघडली. तुला वाटत असेल मी ती रोज बघते. मी ती वर्षाहून जास्त काळ उघडलेली नव्हती. हे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

तुझे दोन्ही प्रश्न आत होते. एक टकलावरच्या तेलाखाली, एक लॉटरीच्या वर. भट्टीवाल्या मुकादमांच्या बायकोची मेल होती, "यांना जिना चढवत नाही, आणखी कुणाला असं होतं का?" कोठीवाल्या काकांची होती, हो, तेच आडवे फोटोवाले. त्यांनी लिहिलं होतं, "फोटोत मी बसलेलो दिसतो कारण उभं राहवत नाही." आणखीही होत्या. प्रत्येकाने एकेकट्याने विचारलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की बाकीचे ऐकून गप्प बसले.

पेटीतलं जुनं आपोआप पुसलं जातं. धाकटीमावशीची पत्रं गेली, आत्या. ती मला परत आणता येणार नाहीत. मशिनने फक्त विषयाची ओळ टिपून ठेवली आहे. दोनदा तीच ओळ आहे, 'मला एकटीलाच आहे का?' आणि पुढे शेरा, 'कचरा'.

असं कसं झालं ते सांगते. फिल्टरला माणूस कळत नाही, शब्द कळतात. 'सात दिवसांत खोकला बरा' अशा जाहिरातींना लोकांनी कचरा म्हटलं. पुढे याच शब्दांच्या आणखी बऱ्याच मेलना लोकांनी कचरा म्हटलं. खोकला, धाप, छाती, एक्स-रे, धूळ. मग त्याने निष्कर्ष काढला की या लोकांना हे शब्द नको आहेत; ज्यांत ते खच्चून भरले होते त्या मेल तर पेटीतही न ठेवता वाचून तिथल्या तिथे पुसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. सभासदांच्या मेलना मोकळी वाट ठेवता आली असती, पण काकांचा पत्ता चोरीला गेल्यापासून मी ती बंद केली होती. आधी तो संशयित मेल माझ्यापुढे ठेवायचा. कामाचा ढीग वाढला तसं मी त्याला सांगून टाकलं, मला विचारू नकोस. तो एक खटका मी फिरवला. बाकी कुणी नाही.

पाठवणाऱ्याला का कळलं नाही म्हणशील. जाहिरातवाले खोटे पत्ते लावतात. 'तुमची मेल नाकारली' असं कळवलं की ते भलत्याच निरपराध माणसाकडे जातं, म्हणून कळवायचं नाही अशी पद्धत आहे. आणि आपली मेल लिस्टवरून आपल्याला परत दिसतेच असं नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटत राहतं, गेली.

पेटीत उरलं होतं ते सगळं आज भट्टीवर सोडलं आहे. माफी मागितली आहे. मावशीला सांगशील?

खार


१७ मार्च

खारूताई,

सांगितलं.

तू सोडलेल्या मेल मी शेजारच्या दुकानातून छापून घेतल्या आणि धाकटीकडे गेले. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी फौज घेऊन निघाले आहे. एकेक वाचून दाखवली. मुकादमांची बायको, कोठीवाले, रंग खात्यातल्या दोघी बहिणी. मग त्यांना आलेली उत्तरं. "मलाही." "आमच्याकडेही." "मलाही दोन वर्षं झाली." मी गेटसभेत वाचतात तशी वाचत होते, आवाज चढवून. मान वर केली तर धाकटी रडत होती.

"म्हणजे सगळ्याच?" म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, आता आपण एकट्या नाही आहोत!"

ती म्हणाली, "मी एकटी होते तेच बरं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी ती गेली.

मी जन्मभर सांगत आले की खरं बोललं की माणसं मोकळी होतात. वेळेवर बोललं तर होतात. उशिरा पोचलेलं खरं दगडासारखं अंगावर पडतं. वर्षभरापूर्वी याच मेल वाचल्या असत्या तर ती उठून तपासायला गेली असती, आणखी चौघींना ओढून नेलं असतं. तिचा स्वभावच तसा. डबा उघडला की आधी दुसऱ्याला.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि ते लपवत नाही. दारावर पहारेकरी ठेवायला माझी ना नाही. पण पहारेकऱ्याने येणाऱ्याला अडवलं तर निदान "चल हट" म्हणावं. हा तुझा पहारेकरी माणसाला हसून आत घेतो आणि मागच्या खड्ड्यात ढकलतो. आत बसलेल्यांना वाटतं कुणी आलंच नाही. बाहेरच्याला वाटतं आपण आलो आणि कुणी पाणीही विचारलं नाही. अख्ख्या जमावाला एकटं पाडायची एवढी सोपी युक्ती आमच्या मालकालाही सुचली नव्हती! त्याला निदान पोलीस बोलवावे लागले. म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आमची तर मातीच होती, आणि आम्ही बोललोही होतो.

पण तू लिहिलं आहेस, "पुढे याच शब्दांच्या आणखी बऱ्याच मेलना लोकांनी कचरा म्हटलं." कुठले लोक? यंत्र आईच्या पोटातून शिकून येत नाही. कुणीतरी या शब्दांवर पहिलं बोट ठेवलं असेल, कुणीतरी दुसऱ्यांना फूस दिली असेल. मला नाव हवं आहे. पुढच्या मेळाव्यात मी त्याला सगळ्यांपुढे उभं करणार आहे. धाकटीच्या लेकीपुढे.

आत्या


२५ मार्च

प्रिय आत्या,

धाकटीमावशी लहानपणी मला खोक्यांच्या थप्पीवरून उतरवायची आणि म्हणायची, "खार चढली, आता उतरवायला शिडी आणा." माझं नाव तिनेच पाडलं. तुला ते माहीत आहे. तरी लिहावंसं वाटलं.

तुझा राग मला मान्य आहे. खटका मी फिरवला होता, आणि तो परत फिरवला आहे. आता काहीही फेकलं जात नाही, सगळं साठून राहतं.

नावाबद्दल मी दोनदा पत्र लिहून फाडलं. वाटलं होतं, "मशिनमध्ये तशी नोंद राहत नाही" असं ठोकून द्यावं. तू मला खोटं बोलायला शिकवलं नाहीस, त्यामुळे ते मला नीट येतही नाही. नोंद राहते. मी ती पाहिली. पण मी नाव लिहिणार नाही.

त्याऐवजी तुझं ४ फेब्रुवारीचं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्याचं दुसरं पान वाच.

आणखी एक. तुझी ही सगळी पत्रं मी ओळीने लावून वाचली. तुझं अक्षर कसं, दगडावर कोरल्यासारखं. पण आताशा दर चार-पाच ओळींनी पेन थांबतं, शाईचा ठिपका पडतो आणि पुढची ओळ खाली उतरते. आणि कोपऱ्यापर्यंत जायला दोनदा टेकायचं? तुझे गुडघे कधी दुखत नव्हते. ती ओळखीची बाई कोण, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

मला भीती वाटते आहे, आत्या. लगेच लिही.

खार


२१ एप्रिल

खारूताई,

तू फोन करत होतीस, मी उचलत नव्हते. लिस्टही उघडली नाही. तुझा जीव टांगणीला लावला, ते माझं चुकलं.

दुसरं पान वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तू दुष्टपणा केलास. मग वाटलं, अक्षर माझं आहे आणि उद्गारचिन्हंही माझीच आहेत. 'दाबा!' टाळ्या पडल्याचंही मीच लिहिलं आहे.

जिथे कुणाच्या तोंडावर हात पडेल तिथे जाऊन मी भाषणं केली, खारे. लोकांच्या सह्या घेतल्या, मार खाल्ला. आणि एका माणसाचा जुना राग होता म्हणून शंभर माणसांना त्याच्या तोंडावर हात ठेवायला मी स्वतः शिकवलं. तुझ्या यंत्राने काय वेगळं केलं? त्याला वाटलं असेल, बाई खोकल्याला कचरा म्हणतात, तर असेल कचरा. माझं एवढं मन लावून ऐकणारा कार्यकर्ता मला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

काल भोंग्याकडे गेले. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, जिना बाहेरून, लोखंडी. सावकाश चढले. मनात भाषण तयार होतं, सुरुवात, मध्य, शेवट. दार लोटलेलं होतं.

"कोण?"

"मी. संपवाली."

"या. दार उघडंच असतं. वाळीत टाकलेल्याकडे चोरही फिरकत नाही."

स्वयंपाकाच्या ओट्यावर एका बाजूला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. बसायला एकच खुर्ची, ती मला दिली आणि तो पलंगाच्या कडेला टेकला. वाळून काठी झाला आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "शनिवारची मेल वाचलीत वाटतं. म्हणून आलात?"

"कुठली मेल?"

"दर शनिवारी लिहितो ती."

खारे, तो गप्प झालाच नव्हता! तो अजूनही दर शनिवारी लिहितो. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"म्हणजे एवढे दिवस मी बोलत कुणाशी होतो?"

"माझ्या भाचीच्या मशिनशी."

"ती तरी वाचत होती ना?"

"वाचत होती. वाचूनच फेकत होती."

"मग तुमच्यापेक्षा बरी," तो म्हणाला. "तुम्ही न वाचता फेकलंत."

माझं भाषण तिथेच संपलं. म्हटलं, "मीच सांगितलं होतं सगळ्यांना. दाबा म्हणून."

"ठाऊक आहे. मागच्या रांगेत होतो मी. झकास बोललात. सवयीने मीही टाळी वाजवणार होतो."

तो हसला आणि हसता हसता त्याला उबळ आली. दुकानातून चाक फिरवल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्याने दोन पेले पाणी आणलं. एक स्वतः घेतला, एक न विचारता माझ्यापुढे ठेवला.

निघताना विचारलं, "संपात भोंगा का वाजवलास?"

"भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून. मोठं कारण शोधत बसू नका, नाहीये."

मी त्याला माफ केलेलं नाही. तो भोंगा अजून माझ्या कानात आहे आणि मरेपर्यंत राहील. पण कुणाचं ऐकून घ्यायला त्याला माफ करावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट आयुष्यभर पुस्तकं वाचून मला कळली नव्हती.

आता काम. जाहिरातींचा लोंढा बंद होणार नाही हे मला समजतं. तू एकटीने चाळणी धरायची आणि तू दमलीस की यंत्राने, हे बंद. कारखान्यात पाळ्या होत्या, तशा लावू. रोज एकाने पेटी उघडायची, डोळ्यांनी वाचायची, केसांचं तेल फेकायचं आणि माणूस आत घ्यायचा. यंत्राने हवं तर शंका घ्यावी, पण निकाल देऊ नये. आणि ते बटण काढून टाक. नावडत्या माणसाला उत्तर द्यायचं असेल तर शब्दांत द्यावं लागेल, अशी सोय कर.

पुढच्या मेळाव्यात मी एका माणसाला सगळ्यांपुढे उभं करणार म्हटलं होतं. ते होईल. खोक्यावर मी स्वतःच चढणार आहे. धाकटीच्या लेकीला बोलावलं आहे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. देईन.

आत्या


२८ एप्रिल

प्रिय आत्या,

बटण काढलं. पाळ्यांचा तक्ता लावला आहे. कुणी नाव देईल असं मला वाटलं नव्हतं, पण कोठीवाल्या काकांनी पहिलं दिलं, म्हणाले, "ज्याचा पत्ता चोरीला गेला त्याने राखण करायची, हा न्याय आहे." भोंगेकाकांना शनिवार हवा होता. मी दिला. तुला सोमवार.

पेटी उघडून काय करायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवलं आहे. वरचं बटण 'आत', खालचं 'बाहेर'. खालचं दाबण्याआधी मशिन आता विचारतं, "वाचलंत का?" ते मी घातलं आहे, जास्त करून माझ्यासाठी.

उत्तर राहिलं आहे, आत्या. मी विसरलेले नाही. सुट्टी टाकली आहे, तू म्हणशील त्या दिवशी येते.

खार


५ मे

खारूताई,

आज माझी पहिली पाळी झाली. चष्मा पुसून बसले.

जगात किती टक्कल आहे गं! आणि मला न मागता लाखो द्यायला किती माणसं टपून बसली आहेत. सगळी वाचली. तुझं मशिन दरवेळी विचारायचं, "वाचलंत का?" मी दरवेळी मोठ्याने म्हणायची, "हो बाई, वाचलं." एक मेल मुकादमांच्या बायकोची होती. मशिनला तिचा संशय आला होता, कारण तिने लिहिलं होतं, "अजिबात खर्च न करता तपासणी, लगेच या." जाहिरातच वाटते! तिने छातीच्या दवाखान्यात बोलून ठेवलं आहे. शुक्रवारी सकाळी भट्टीवरच्या सगळ्यांना एकत्र घेणार आहेत. ती आत घेतली.

तिच्याखाली भोंग्याची होती. शनिवारी त्याची पाळी होती, पण स्वतःची मेल त्याने स्वतः आत घेतली नाही, माझ्यासाठी ठेवली. माणूस बेरकी आहे. एवढंच होतं: "घासणी खात्यातल्या कुणाला धाप लागते का? लाजू नका. उत्तर द्या."

जवळजवळ माझाच प्रश्न. की त्याचाच मी उचलला होता, देव जाणे.

आत घेतली. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. त्याच्या ओळीखाली रिकामी जागा होती आणि तीत काहीतरी लुकलुकत होतं. घासणी खात्यातून अजून कुणीच बोललेलं नव्हतं. धाकटीने विचारलं तेव्हा ती जागा अशीच रिकामी राहिली होती.

ती ओळखीची बाई कोण, असं तू दोनदा विचारलंस. तुझ्याआधी भट्टीला कळवलं, रागावू नकोस. गुरुवारी रात्रीपर्यंत ये म्हणजे शुक्रवारी माझ्याबरोबर येशील. लोखंडी जिन्याखाली थांबून भोंग्यालाही घ्यायचं आहे.

एका बोटाने टाइप केलं. एकच शब्द होता, त्यामुळे राग निवायला वेळ मिळाला नाही.

मलाही.

आत्या